मुंबई चालते, ठाणे चालत नाही!

लिनक्स मशीनच्या नेटवर्क कार्डाला 'मुंबई' असं देवनागरी नाव देता येतं. 'पुणे', 'नाशिक', 'लातूर', 'बीड' हीही चालतात. 'नागपूर' देऊन पाहिलंत तर नकार मिळतो, कारण ते लांब पडतं. 'ठाणे' चांगलं आखूड आहे, तरी त्यालाही नकारच!

यात विदर्भ-कोकण असा दुजाभाव नाही. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, नेटवर्क इंटरफेसच्या नावासाठी १६ बाइटांची जागा राखून ठेवली आहे. त्यातला एक बाइट नाव संपल्याची खूण म्हणून जातो, उरतात १५. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक घटक तीन बाइट खातो, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र घटक धरले जातात. म्हणजे आपल्या वाट्याला पाच घटक. म, उकार, अनुस्वार, ब, ई: मुंबई काठोकाठ बसते. नागपूर सहाव्या घटकावर अडकतं, सातारा पण.

ठाण्याचं दुखणं वेगळं. 'ठ' या अक्षराच्या तीन बाइटांपैकी शेवटचा आहे १६०. कर्नल नाव तपासतं ते अक्षर म्हणून नाही, एकेक बाइट सुटा करून, आणि तोही पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेल्या जुन्या तक्त्याशी ताडून. त्या तक्त्यात १६० क्रमांकाच्या घरात मोकळी जागा आहे, म्हणजे स्पेस. इंटरफेसच्या नावात स्पेस चालत नाही. संपलं, 'ठ' हद्दपार! त्याच नियमाने 'पैठण' गेलं. आणि 'मराठी' हे पाच घटकांचं, बरोब्बर १५ बाइटांचं नाव लांबीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून 'ठी'वर नापास होतं.

ही सगळी उठाठेव एका छोट्या शेल स्क्रिप्टसाठी. काम एका वाक्याचं: मशीनला नवा नेटवर्क इंटरफेस जोडला गेला की कळव. इंटरफेस म्हणजे वायरचं कार्ड, वाय-फाय, यूएसबीने जोडलेला मोबाईल, व्हीपीएनचा बोगदा, डॉकरची आभासी वायर, असं काहीही. स्क्रिप्टची कृतीही सोपी. आत्ताची यादी काढायची, फाइलीत ठेवलेल्या मागच्या यादीशी ताडायची, जास्तीचं नाव दिसलं की ईमेल पाठवायचा आणि नवी यादी जुनीच्या जागी ठेवायची. चार ओळींचं काम. सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांनी ती आयुष्यात कधी ना कधी लिहिलेली असते, आणि त्या चार ओळींत चुका करायला जागा मात्र चाळीस असतात.

पाच डॉलरचा पाहुणा

नवा इंटरफेस आला तर आला, त्यात घाबरण्यासारखं काय? नोव्हेंबर २०१६मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने 'पॉयझनटॅप' दाखवलं. तेव्हा पाच डॉलरला मिळणारा रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला संगणक यूएसबीत खुपसायचा. तो मशीनला सांगतो, 'मी नेटवर्क कार्ड आहे.' मशीन विश्वास ठेवतं. पुढे तो सांगतो, 'इंटरनेटवरचे झाडून सगळे पत्ते माझ्याच गल्लीत आहेत.' मशीन त्यावरही विश्वास ठेवतं आणि पाकिटं त्याच्याकडे वळवायला लागतं. स्क्रीन पासवर्डने बंद असली तरी मागे ब्राउझर उघडा असेल तर त्यातल्या कुकीज बाहेर. पडद्यावर यातलं काहीही दिसत नाही.

हा सॅमी म्हणजे तोच, ज्याने २००५मध्ये मायस्पेसवर एक जंत सोडला होता. वीसेक तासांत दहा लाखांहून जास्त लोक न विचारता त्याचे 'मित्र' झाले होते.

पॉयझनटॅपच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०१४मध्ये, लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी 'बॅडयूएसबी' मांडलं होतं. दिसायला पेन ड्राइव्ह, वागायला कीबोर्ड किंवा नेटवर्क कार्ड. तेव्हा नव्या इंटरफेसवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट म्हणजे रिकाम्या वेळेतला चाळा असं कोणी समजू नये.

जो दाखवायचा तोच लपवणारी कमांड

यादी काढायची म्हटलं की हात आपोआप 'आयएफकॉन्फिग'कडे जातो. ही कमांड १९८३च्या ४.२ बीएसडीतली. म्हणजे कपिलने विश्वचषक उचलला त्या वर्षीची. तिची एक खोड आहे: पुढे 'ए'चा पर्याय जोडला नाही तर ती फक्त चालू असलेले इंटरफेस दाखवते. नुकतंच खुपसलेलं कार्ड बहुतेक वेळा अजून चालू झालेलं नसतं. म्हणजे ज्याला पकडायचं तोच यादीत नाही, बाकी सगळे हजर! शिवाय डेबियनने २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून ही कमांड मुळात बसवायचीच बंद केली. तिच्या जागी आलेली 'आयपी लिंक' ही कमांड बंद-चालू सगळे दाखवते.

पण तिच्याही यादीत खोच आहे. आभासी इंटरफेसच्या नावापुढे ती ॲट चिन्ह टाकून जोडीदाराचं नाव लिहिते. ते शेपूट नावाचा भाग नाही. नवशिकी स्क्रिप्ट शेपटासकट नाव उचलते आणि मग त्या नावाचा इंटरफेस मशीनवर सापडत नाही म्हणून रडते.

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे '/सिस/क्लास/नेट' ही डिरेक्टरी. कर्नल स्वतः तिथे प्रत्येक इंटरफेसच्या नावाने एक नोंद ठेवतं. कमांड नको, कापाकापी नको, नुसती नावं वाचायची. शेलवाल्यांना पढवलेलं असतं की 'एलएस'च्या उत्तरावर कधी विसंबू नका, फाइलीच्या नावात स्पेस आणि ओळ तोडणारी चिन्हंही असू शकतात. इथे ती भीती नाही, कारण इंटरफेसच्या नावात स्पेस नाही, स्लॅश नाही, कोलनही नाही. ('ठ' गेला तो याच कडक सोवळ्यापायी.)

तरीही एक घुसखोर निघतोच. मशीनवर दोन कार्डं एकत्र बांधायचं बाँडिंग चालू केलं की या डिरेक्टरीत 'बाँडिंग-मास्टर्स' नावाची एक साधी फाइल उगवते. ती इंटरफेस नाही, पण स्क्रिप्टला काय कळतंय! 'नवा इंटरफेस सापडला: बाँडिंग-मास्टर्स' असा ईमेल रात्री येतो. उपाय एका ओळीचा: नोंद डिरेक्टरी आहे का ते तपासायचं, नसेल तर पुढे जायचं.

आणि नावावर निर्बंध आहेत म्हणजे सगळी नावं निरुपद्रवी आहेत असंही समजू नका. डॉलरचं चिन्ह, कंस, रीबूट, कंस पूर्ण: रोमनमध्ये हे नऊच अक्षरांचं नाव होतं आणि कर्नल ते खुशाल स्वीकारतं. तुमच्या स्क्रिप्टने ते नाव मजकूर कमांड म्हणून चालवणाऱ्या 'इव्हॅल'ला दिलं तर मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. नुसती एक चांदणीसुद्धा कायदेशीर नाव आहे, आणि अवतरण चिन्हांत न ठेवलेली चांदणी शेलमध्ये काय धुमाकूळ घालते ते जाणकारांना सांगायला नको. व्हेरिएबलभोवती अवतरणं घाला. घाला म्हणजे घालाच.

ग्रेपचे तीन सापळे

दोन याद्या ताडायला लोक 'ग्रेप' ही मजकूर शोधणारी कमांड वापरतात: जुनी यादी नमुना म्हणून द्यायची, नवीतून जुळणाऱ्या ओळी वगळायच्या, उरेल ते नवं. युक्ती चलाख आहे आणि तिच्यात एकाहून एक सरस घोटाळे आहेत.

पहिला. जुन्या यादीत 'ईथ१' आहे. नवा 'ईथ१०' आला. 'ईथ१०'च्या पोटात 'ईथ१' आहेच, म्हणून ग्रेप म्हणतं, 'याला ओळखतो मी.' नवा इंटरफेस गायब. दहाच्या आत इंटरफेस असलेल्या मशीनवर ही स्क्रिप्ट वर्षानुवर्षं बिनचूक चालते. मग एके दिवशी सर्व्हरला मोठं कार्ड बसतं आणि ती मुकी होते.

दुसरा. व्हीएलएएनच्या, म्हणजे एकाच वायरीवरच्या आभासी नेटवर्कच्या, नावात बहुधा टिंब असतं. ग्रेपच्या भाषेत टिंब म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. पुढचं सांगायला नको.

तिसरा माझा लाडका. जुन्या यादीच्या फाइलीत चुकून एक कोरी ओळ शिरली, कोणी एडिटरमध्ये उघडून शेवटी एंटर दाबला म्हणून. कोरा नमुना प्रत्येक ओळीशी जुळतो. त्या क्षणापासून जगातलं कोणतंही कार्ड खुपसा, स्क्रिप्ट शांतपणे सांगणार, 'नवीन काही नाही.' चूक दाखवणारी स्क्रिप्ट परवडली. कायम 'सगळं ठीक' म्हणणारी स्क्रिप्ट धोकादायक, कारण तिच्या भरवशावर लोक झोपतात.

तिन्हींवर औषध एकच. ग्रेपला 'एफ' आणि 'एक्स' हे दोन पर्याय जोडायचे. पहिला सांगतो की नमुना अक्षरशः घे, टिंबाचा भलता अर्थ लावू नकोस. दुसरा सांगतो की पूर्ण ओळ जुळली तरच जुळली म्हण. दोन अक्षरांत तीन रोग बरे! ज्यांना ग्रेप नको त्यांच्यासाठी 'कॉम' ही कमांड आहे. दोन क्रमवार याद्यांमधलं फक्त दुसऱ्या यादीत असलेलं ती काढून देते. अट एवढीच की दोन्ही याद्या एकाच भाषा-मांडणीच्या नियमाने क्रमवार लावलेल्या हव्यात. हाताने चालवताना एक मांडणी आणि ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनमधून दुसरी, असं झालं की क्रम बदलतो आणि कॉम बिथरते.

याच भागातली आणखी एक बारीक चूक. स्क्रिप्ट ताडण्यासाठी एकदा यादी काढते आणि साठवण्यासाठी पुन्हा एकदा. या दोन वेळांच्या मधे कार्ड आलं तर ते ताडलं गेलं नाही, पण साठवलं गेलं. म्हणजे कायमचं ओळखीचं झालं. यादी एकदाच काढा, व्हेरिएबलमध्ये धरा, तीच दोन्हीकडे वापरा.

जन्म, बारसं आणि नामांतर

लिनक्सवर इंटरफेस जन्मतो तेव्हा कर्नल त्याला 'ईथ-झीरो' असं तात्पुरतं नाव देतं. सेकंदाच्या काही भागात 'यूडेव्ह' नावाचा कार्यकर्ता येतो आणि बारसं करून पक्कं नाव ठेवतो. तुमची स्क्रिप्ट नेमकी या दोहोंच्या मधे डोकावली तर तिला 'ईथ-झीरो' दिसतो, आणि ईमेल तुमच्यापर्यंत येईपर्यंत त्या नावाचं कोणी नसतं. नोंदवहीत मात्र दोन नवे इंटरफेस लागलेले.

'ईथ' आलं ईथरनेटवरून. रॉबर्ट मेटकाफने झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात २२ मे १९७३च्या टिपणात हे नाव वापरलं. ते घेतलं भौतिकशास्त्रातल्या ईथरवरून. प्रकाश ज्यातून वाहतो असं मानलं जाई ते सर्वव्यापी द्रव्य. १८८७मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांना प्रयोगात त्याचा मागमूस लागला नव्हता. विज्ञानाने टाकून दिलेला ईथर संगणकाच्या वायरीत मात्र सुखाने नांदतोय.

जुन्या पद्धतीत जे कार्ड आधी सापडेल ते झीरो, पुढचं वन. दोन कार्डांच्या सर्व्हरवर रीबूटनंतर नावांची अदलाबदल व्हायची आणि आतली वायर बाहेरची ठरायची. त्यावर उतारा म्हणून यूडेव्हने एका फाइलीत प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा ओळख क्रमांक, आणि नाव लिहून ठेवायला सुरुवात केली. झालं भलतंच. आभासी मशीनची नक्कल काढली की नक्कलेला नवा मॅक पत्ता मिळायचा, फाइलीत मात्र जुना पत्ता 'ईथ-झीरो'च्या नावावर. म्हणून नव्या मशीनचं पहिलंवहिलं आणि एकमेव कार्ड 'ईथ-वन' म्हणून उगवायचं. त्या काळात आभासी मशीन सांभाळलेल्या माणसापुढे या फाइलीचं नाव काढा, चेहरा बघा.

जानेवारी २०१३मध्ये मशीनच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने नवी रीत आणली. कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्यावरून नाव. 'ई-एन-पी-०-एस-३१-एफ-६' असलं काही लॅपटॉपवर पाहिलं असेल तर ते गाडीच्या नंबराइतकंच सरळ वाचता येतं: ईथरनेट, बस शून्य, खाच एकतीस, कार्य सहा. या पद्धतीचं अधिकृत वर्णन 'आधीच सांगता येणारी नावं' असं आहे. प्रत्यक्षात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की बसचे क्रमांक सरकतात आणि तुमचं जुनंच नेटवर्क कार्ड नव्या नावाने उगवतं. स्क्रिप्ट ओरडते, 'नवा इंटरफेस!' आणि तिचं चुकतही नाही.

यूएसबी अडॅप्टरचा पत्ता ठराविक खाचेत नसतो, म्हणून त्याचं नाव बऱ्याचदा मॅक पत्त्यावरून पडतं. 'ई-एन-एक्स' ही तीन अक्षरं आणि पुढे मॅक पत्त्याचे १२ अंक. एकूण १५. मुंबईसारखंच काठोकाठ! त्यावर व्हीएलएएन काढून टिंब-शंभर जोडायला गेलात की जागा संपलेली.

नाव विचारू नका, क्रमांक विचारा

स्क्रिप्ट सुधारायची एकच गोष्ट सांगा असं कोणी म्हटलं तर मी हीच सांगेन. प्रत्येक इंटरफेसला कर्नल एक क्रमांक देतं आणि तो '/सिस/क्लास/नेट'मधल्या त्याच्या नोंदीत 'आयएफइंडेक्स' नावाच्या फाइलीत वाचता येतो. मशीनच्या स्वतःशी बोलणाऱ्या लूपबॅकचा क्रमांक कायम १. पुढचे चढत जातात. इंटरफेस काढला तरी त्याचा क्रमांक लगेच दुसऱ्याला दिला जात नाही. कमाल मर्यादा २१४ कोटींच्या पुढे आहे, त्यामुळे टंचाईची काळजी नाही.

याचा फायदा बघा. कोणी यूएसबी अडॅप्टर काढला आणि दहा सेकंदांत परत लावला. नाव तेच, मॅक पत्ता तोच. नावांची यादी ताडणाऱ्या स्क्रिप्टला काहीच घडलं नाही असं वाटतं. क्रमांक मात्र बदललेला असतो. बारशाआधी 'ईथ-झीरो' आणि नंतर लांबलचक नाव, या घोळातही क्रमांक तोच राहतो, म्हणून एकच बातमी दोनदा जात नाही. नाव बदलणं हा सुपरयूजरच्या एका कमांडचा खेळ आहे. चालत्या इंटरफेसचा क्रमांक तसा बदलता येत नाही.

अडचण एकच. मशीन पुन्हा सुरू झालं की मोजणी पहिल्यापासून. म्हणून क्रमांकांची यादी '/रन'मध्ये ठेवायची. ती जागा मेमरीत असते आणि रीबूटला आपोआप पुसली जाते. मशीन बंद असताना कोणी कार्ड बसवलं तर ते कळण्यासाठी मॅक पत्त्यांची वेगळी, टिकाऊ यादी ठेवायची. दोन याद्या, दोन कामं. एकाच फाइलीवर दोन्ही लादायला गेलं की स्क्रिप्टची खिचडी होते.

मॅक पत्ता हातात आला की थोडी हेरगिरीही जमते. सुरुवात ०८-००-२७ अशी असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, ५२-५४-०० असेल तर बहुधा केव्हीएमचं आभासी मशीन, बी८-२७-ईबी असेल तर रास्पबेरी पाय. पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात छापलेला नाही, कोणीतरी जागच्या जागी बनवलेला आहे. अँड्रॉइड १०पासून आणि आयओएस १४पासून मोबाईल वाय-फायला जोडताना असेच बनवलेले पत्ते पुढे करतात. अर्थात पॉयझनटॅपचा मालक हवा तो पत्ता लावू शकतो, तेव्हा हा पुरावा नाही, सुगावा आहे.

डॉकर चालणाऱ्या मशीनवर एक चाळणी हवीच. तिथे कंटेनर सुरू झाला की एक आभासी इंटरफेस जन्मतो, बंद झाला की मरतो. दिवसाला शेकडो ईमेल आले की माणूस तिसऱ्या दिवशी ते थेट कचरापेटीत जातील असा नियम लावतो, आणि चौथ्या दिवशी खरा पाहुणा येतो. खऱ्या हार्डवेअरच्या नोंदीत 'डिव्हाइस' नावाचा दुवा असतो, डॉकरच्या आभासी वायरीच्या नोंदीत नसतो. तो आहे का एवढं पाहा. निम्मा गोंगाट तिथेच बंद.

दर मिनिटाला डोकावणारा क्रॉन

अशा स्क्रिप्ट बहुधा क्रॉनच्या हवाली केल्या जातात. क्रॉनचं घड्याळ मिनिटाचं, त्याहून बारीक नाही. पाहुणा चाळीस सेकंदांत काम उरकून गेला तर क्रॉनला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यात क्रॉन ही स्क्रिप्ट चालवतो ती अगदी मोजक्या वाटा ठाऊक असलेल्या वातावरणात. डेबियनवर सर्वसाधारण यूजरच्या क्रॉनला 'एसबिन' डिरेक्टरी माहीतच नसते आणि आयएफकॉन्फिग राहते तिथे. म्हणून 'हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही' ही तक्रार जगभर एकाच सुरात ऐकू येते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत पाथ स्वतः लिहून टाका, विषय संपला.

डोकावण्यापेक्षा बातमी आपल्याकडे यावी हे बरं. मग कुणाला 'आयनोटिफाय' आठवतं, फाइलींतले बदल कळवणारी सोय. '/सिस/क्लास/नेट'वर ती लावली की काय होतं? काहीच नाही! ही डिरेक्टरी डिस्कवर नाहीच, कर्नल ती विचारल्यावर तयार करून दाखवतं. अशा मायावी फाइलींवर आयनोटिफाय चालत नाही, आणि चालत नसल्याचं सांगतही नाही. नुसतं वाट पाहत बसतं.

चालतं ते 'आयपी मॉनिटर लिंक'. कर्नल नेटलिंकच्या वाहिनीवर प्रत्येक घडामोड बोलून दाखवतं आणि ही कमांड ती ऐकते. एकच सावधगिरी: वायर काढली-लावली तरी कर्नल त्याच 'नवी लिंक' प्रकाराचा निरोप पाठवतं. म्हणून निरोप आला की क्रमांक आपल्या यादीत आहे का ते पाहायचं, नसेल तरच बोंब मारायची.

दुसरा मार्ग यूडेव्हचा. नेटवर्क इंटरफेस जोडला गेला की अमुक स्क्रिप्ट चालव, असा एका ओळीचा नियम लिहिता येतो. इथे मात्र एक झकास विनोद दडलेला आहे. नवं नेटवर्क आलं म्हणून चालवलेल्या या स्क्रिप्टला नेटवर्क वापरायची परवानगी नसते! सिस्टमडीने यूडेव्हला कुंपणात ठेवलंय, आतून इंटरनेटवर काही पाठवता येत नाही. स्क्रिप्ट रेंगाळली तर तिला मारूनही टाकलं जातं. ईमेल पाठवायचा असेल तर यूडेव्हने फक्त सिस्टमडीच्या एका सेवेला हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. पाठवापाठवी ती सेवा करेल.

शेलच्या घराण्यातल्या गोष्टी

शेल स्क्रिप्टमध्ये 'इफ' संपतं ते 'फी'ने आणि 'केस' संपतं ते 'एसॅक'ने, शब्द उलटे करून. स्टीफन बॉर्नने १९७९च्या सातव्या युनिक्ससोबत आलेलं शेल लिहिताना ही लकब अल्गोल ६८ या भाषेतून आणली. त्या न्यायाने 'डू' संपायला हवं होतं 'ओडी'ने. पण 'ओडी' नावाची कमांड युनिक्सवर आधीपासून होती, म्हणून तिथे 'डन' आलं. बॉर्नसाहेबांचं अल्गोलप्रेम एवढं की शेलचा सी भाषेतला कोडही त्यांनी मॅक्रो वापरून अल्गोलसारखा दिसेल असा लिहिला. तो वाचून चक्रावलेल्या दोघांनी १९८४मध्ये सर्वांत दुर्बोध सी कोडची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच सुरू केली.

ब्रायन फॉक्सचं 'बॅश' हे शेल आलं १९८९मध्ये. त्याच वर्षी त्यात एक भोक राहिलं, ते सापडलं सप्टेंबर २०१४मध्ये. 'शेलशॉक'. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लपवलेली कमांड बॅश बिनबोभाट चालवायचं. आपल्या विषयाशी याचा संबंध थेट आहे: नव्या नेटवर्कवर आयपी पत्ता मिळवणारा डीएचसीपीचा कार्यक्रम समोरून आलेली माहिती अशाच व्हेरिएबलमध्ये घालून शेल स्क्रिप्ट चालवतो. म्हणजे नुसतं परक्या नेटवर्कला जोडलं तरी मशीन हातचं जाऊ शकत होतं. २५ वर्षं कोणाला पत्ता नाही.

आणि उबुंटूवर २००६च्या ६.१० आवृत्तीपासून 'एसएच' म्हणजे बॅश नाही, 'डॅश' आहे. चपळ, पण बॅशच्या लाडिक लकबी न ओळखणारा. कंसात कमांड लिहून तिच्या उत्तराला फाइल म्हणून वापरायची बॅशची सोय दोन याद्या ताडायला फार सोयीची आहे. डॅशमध्ये तीच ओळ व्याकरणाची चूक ठरते. बॅशच्या सोयी वापरायच्या असतील तर पहिल्या ओळीत बॅशच लिहा, 'एसएच' लिहून नशिबावर सोडू नका.

सुधारलेली स्क्रिप्टही वीस-पंचवीस ओळींतच मावते. पायथॉनमध्ये लिहा असा सल्ला देणारे भेटतील. एवढ्या कामासाठी मला तो जड वाटतो. कर्नल सगळी माहिती साध्या फाइलींत मांडून बसलंय, ती वाचायला शेल पुष्कळ झालं.

तुमच्या लिनक्सवर आज एक करून पाहा. '/सिस/क्लास/नेट'मधल्या सगळ्या आयएफइंडेक्स फाइली वाचा आणि सर्वांत मोठा आकडा आणि प्रत्यक्षातल्या इंटरफेसची संख्या शेजारी-शेजारी मांडा. आकडा संख्येपेक्षा मोठा निघाला, तर जेवढा फरक, बहुधा तेवढे इंटरफेस मशीन सुरू झाल्यापासून येऊन निघून गेले आहेत. डॉकर किंवा व्हीपीएन असेल तर ते त्यांचे. यातलं काहीच नसेल तर कर्नलचा लॉग उघडून ते कोण होते ते शोधा.